नाताळची परात

मंगळवार, २ डिसेंबर

उपाशीपोटी साखर १९८.

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, रोज साखर किती ते लिहा, काय खाल्लं ते लिहा आणि मन कसं आहे तेही लिहा. मी म्हणलं, मनाचा आणि साखरेचा काय संबंध. म्हणाल्या, लिहून तर बघा. चौथी झालीय माझी, लिहायला येतं. पण मन कसं आहे ह्याला काय लिहायचं. जागेवर आहे.

खाल्लं : दीड भाकरी, वांगं, शेंगाचटणी. चहा बिनसाखरेचा, म्हणजे नुसतं गरम पाणी.

मार्गशीर्ष लागल्यापासून घराला लागून असलेल्या माझ्या खानावळीत मटण बंद आहे. चिंचोळीच्या कारखान्यांतली पोरं डाळ-भात गिळतात आणि माझ्याकडं असं बघतात की महिना मीच काढलाय. मी आणि भाकरी थापणारी नागव्वा, दोघी दुपारी तीनलाच मोकळ्या.

आज नणंदेची पूनम डबा न्यायला आली. बोलता बोलता तिच्या तोंडातून गेलं की सोनमला सातवा लागला. मग जीभ चावली. मी म्हणलं, कोण सोनम. पूनम डबा घेऊन पळाली, झाकण हितंच राहिलं.

सोनम माझी लेक.

बुधवार, ३ डिसेंबर

साखर २११. काल काही गोड खाल्लं नाही, तरी.

डॉक्टरीणबाई वही वाचणार नाहीत, फक्त आकडे बघतात. म्हणून लिहिते. सोनम दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच दाविदशी दोन वर्षांमागं लग्न केलं. तो ख्रिश्चन, मिशन कंपाउंडकडं राहतो. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या मेंढरं, बिरोबा, जत्रा. ती सांगायला आली त्या दिवशी मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणलं, ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय ठेवायचा नाही. ती गेली. शब्द माझा, मी पाळला. तिनंही पाळला. ह्या बाबतीत पोरगी माझ्यावरच गेलीय.

पण पहिलं बाळंतपण माहेरात होतं. आईनं जाऊन लेकीला आणायचं असतं. सातवा लागला म्हणजे आता किती दिवस राहिले. तिकडं त्यांच्यात काय रीत असते कुणास ठाऊक. दवाखान्यात कॉटवर टाकून मोकळे होत असतील.

मला जायचं नाही. मी फक्त दिवस मोजले.

गुरुवार, ४ डिसेंबर

साखर २०४.

गुरुवार म्हणून घरचे बीपी तपासायला गेले. नवऱ्याचं नाव जोतिराम. तोंडानं घेत नाही, वहीत चालतं. कारखान्यावर वॉचमन आहेत, गुरुवारी सुट्टी. दोन वर्षं झाली, एक गुरुवार चुकला नाही. अजून एक गोळीपण लागली नाही, डॉक्टर चांगला असणार. जाताना शेंगाचे लाडू नेले, म्हणे तिथल्या कंपाउंडरला आवडतात. दोन-तीन महिन्यांपासून कंपाउंडरला कैरीचं लोणचंही आवडायला लागलंय. बरणी निम्मी झाली माझी.

दुपारी खानावळीतल्या टीव्हीवर इंग्रजी पिक्चर लागला होता. बाहेर बर्फ, आत नाताळ. टेबलाभोवती सगळं घर बसलेलं आणि मधोमध एक अख्खा पक्षी, शेळीच्या करडाएवढा, भाजून तांबूस केलेला. पोटात काहीतरी भरलेलं. जेवायला बसलेल्या एका पोरानं सांगितलं, मावशी, ती टर्की. ह्या लोकांचा नाताळ त्याच्याशिवाय होत नाही.

मला बरं सापडलं. सणाच्या दिवशी सणाचं जेवण घेऊन आलेल्या माणसाला दारातून कुणी परत लावत नाही. त्यांचंच पक्वान्न, त्यांच्याच रीतीनं केलेलं. मग मला ‘कशाला आलात’ म्हणायला त्यांचं तोंड उघडणार नाही. आणि एकदा आत बसले की सोनमचा विषय काढता येईल.

नागव्वाला सांगितलं तर ती हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिली. म्हणाली, “यव्वा, तू तर लेकीचं नाव घेत न्हवतीस.”

“मी नाव कुटं घेतलं? पक्ष्याचं बोलतीया.”

रविवार, ७ डिसेंबर

साखर १९०.

पूनमकडून नंबर घेतला. चार वेळा लावून कापला. पाचव्यांदा तिनं उचलला. मी म्हणलं, मुक्ताबाई बोलतीया, चिंचोळीहून. स्वतःच्या लेकीला असं कुणी सांगतं का, पण तेच तोंडात आलं.

“व्हय, आई.”

“नाताळ कवा असतोय तुमच्यात?”

“पंचवीसला. गुरुवारी.”

“तुमच्यात ती टर्की करत्यात न्हवं? अख्खी, पोटात भरून?”

मी म्हणलं, “कटला का काय?”

“न्हाई, न्हाई. ठिवू नगंस. करत्यात की. करत्यात.”

“अख्खीच?”

“अख्खीच.”

“मग ह्या साली तुमी करू नगा. मी घिऊन येणार हाय. तुझ्या सासूला सांगून ठिव.”

“सांगते. आई, तू...”

मी फोन ठेवला. नेटवर्क अगदीच खराब, शेवटी शेवटी तिचा आवाज नाकातून आल्यासारखा यायला लागला होता. पण काम झालं. टर्की करतात हे तिच्या तोंडून कळलं. मी उगाच कुणाच्या सांगण्यावर चालणारी नाही.

बुधवार, १० डिसेंबर

पक्षी भाजायचा कुठं हा प्रश्न. आमच्याकडं कोंबडं म्हणजे तुकडे आणि रस्सा. अख्खं काही मी आयुष्यात शिजवलं नाही, वांगं सोडून.

वीरभद्रप्पांच्या बेकरीत गेले. दिवाळीत रवा-तूप देऊन त्यांच्याकडनंच नानकटाई भाजून आणते, वीस वर्षांची ओळख. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, “मुक्ताक्का, तुमाला न्हाई म्हणायला जिवावर येतं. पण ह्या भट्टीत मठाच्या प्रसादाचं बिस्किट भाजतो. त्यात पक्षी घातला तर उद्या माझ्या हातचं कोण खाईल?”

खरं होतं त्यांचं. तरी राग आला. येताना पाव घेतला नाही, दुसऱ्या दुकानातून घेतला.

रविवार, १४ डिसेंबर

साखर तपासली नाही, सकाळच्या एसटीनं निघाले.

उजनीच्या पाण्याकाठी बिभीषण म्हणून एकजण टर्की पाळतो. खानावळीत केळीची गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरनं पत्ता दिला. बघितलं तर साठ-सत्तर पक्षी, काळे, अंगापेक्षा अंगावरचं पीस मोठं. नर तर सासऱ्यासारखा छाती काढून चालतो. गळ्याखाली लाल झोळ लोंबतोय. मी जवळ गेले तर सगळे एकदम ओरडले. मी म्हणलं, गप बसा. गप बसले.

बिभीषण म्हणाला, “मावशी, हे धाबेवाले नेत्यात, तुकडं करून. अख्खा कोण करत न्हाई.”

“माझ्या ईनबाईकडं करत्यात.”

“कुटल्या देशात असत्यात ईनबाई?”

“सोलापुरात. तू पक्षी दाव.”

पाच किलोचा बघून ठेवला. चोवीसला मोटरसायकलवरून आणून देतो म्हणाला. त्याच्या बागेतली केळीची पानं मागून घेतली, त्या दिवशी तीही आण म्हणलं. त्यांच्याकडं काचेच्या ताटल्या असतील, पण आपली पानं असलेली बरी.

शनिवार, २० डिसेंबर

साखर १८४.

काल येळवस झाली, वेळ अमावस्या. नागव्वा अक्कलकोटकडं गावी जाऊन शेतात जेवून आली, सोबत थोडा हुरडा आणला. मार्गशीर्ष संपला, आजपासून मटण सुरू. पोरांनी आल्या आल्या पातेल्यात डोकावून बघितलं.

अक्कल नागव्वानंच दिली. हुरडा भाजायला शेतात जशी आगटी करतात, खड्डा खणून गोवऱ्यांचा विस्तव, तशीच मोठी करायची. भट्टी कशाला पाहिजे. मी म्हणलं, तुझं डोकं भाकरीपेक्षा बरं चालतंय. ती म्हणाली, “आता कळलं व्हय?”

खानावळीच्या मागं ह्यांनी खड्डा खणला. मी सांगितलं नव्हतं. कामावरनं आले, कुदळ घेतली, खणून घेतला, हात धुतले. दोन वर्षांत ह्या माणसानं सोनमबद्दल माझ्याशी एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, बापाचं काळीज दगडाचं असतं.

आज एका गावरान कोंबड्यावर करून बघितलं. वरून कोळसा, आतून कच्चं. ह्यांनी ते सगळं खाल्लं. मी म्हणलं, कसं झालंय. म्हणाले, “पुढचं चांगलं हुईल.”

बुधवार, २४ डिसेंबर

साखर २३०. लिहून ठेवते, कारण आज कुणालाही झाली असती.

बिभीषण सकाळी पक्षी आणि पानं देऊन गेला. शिवराजच्या चिकनच्या दुकानात पक्षी दिला आणि म्हणलं, साफ करून ठेव, मी जोंधळे दळायला टाकून येते. एवढंच बोलले. अख्खा ठेव, कातडी ठेव, हे बोलायचं राहिलं. घाई माझी.

परत आले तर शिवराजनं शर्ट काढावा तशी कातडी काढून टाकलेली. कोंबडी सोलूनच देतात आपल्याकडं, त्याचा काय दोष. आणि वर सत्तूर उगारलेला. मी रस्त्यावरूनच ओरडले. एक घाव छातीवर बसलाच होता.

“मावशी, तुकडं न्हाई करायचं? मग खायाचं कसं?”

“तुझं डोकं खाते आदी.”

पूनमला फोनवर बघायला लावलं. सगळ्या व्हिडिओत एकच, की कातडीमुळं आतलं मांस ओलं राहतं, कातडी तांबूस होते, तीच शोभा. माझा पक्षी तर उघडा-नागडा, छाती फाटलेली. अर्धा तास मी ओट्यापाशी नुसती बसले. नागव्वा म्हणाली, रस्सा करून ने, लई चांगला रस्सा असतो तुझा. मी म्हणलं, रस्सा न्यायचा असता तर दोन वर्षं कशाला थांबले असते.

मग उठले. गोधडीची सुई आणि दोरा उकळत्या पाण्यातून काढला आणि छाती शिवली. बारीक टाके घातले, सोनमच्या लहानपणी दुपटी शिवायचे तसे. मीठ, हळद, आलं-लसूण, दही लावून ठेवलं. कातडी नाही तर केळीची पानं गुंडाळायची आणि पानांवरून कणकेचा जाड थर लिंपायचा. कातडीचं काम कणीक करील.

पोटात काय भरतात ते व्हिडिओत बघितलं. पाव, सफरचंद, कसलासा पाला. आजाऱ्याचं जेवण. मी भरल्या वांग्याचाच मसाला केला. शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा, काळा मसाला, वर थोडा भात आणि उकडलेली अंडी. तिखट कमी टाकलं. त्या लोकांना सोसत नसेल.

गुरुवार, २५ डिसेंबर

साखर तपासली नाही.

पहाटे पाचला विस्तव केला. निखारे पडल्यावर पक्षी पुरला, वरून परत निखारे, वरून माती. हे शेजारी बसून राहिले. मी म्हणलं, आज तुमचा बीपीचा दिवस चुकला. म्हणाले, “आज दवाखाना बंद असतोय.”

अकराला काढला. कणीक दगडासारखी झाली होती, फोडायची तिथंच जाऊन असं ठरवलं. माझ्या मोठ्या परातीत ठेवला. पितळेची परात, लग्नात आईनं दिलेली, काठावर माझं नाव कोरलंय. जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षानं निघालो.

गल्लीत वळलो तर एक कुत्रं धावत आलं आणि ह्यांच्या पायांत घोटाळायला लागलं, जन्माची ओळख असल्यासारखं. ह्यांना सगळीच जनावरं लागतात, मेंढरांतला माणूस.

दार दाविदनंच उघडलं. उंच पोरगा, पाया पडला. आत खाटेवर त्याची आजी बसलेली, नव्वदीची असेल. ह्यांच्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “आले का गुरुवारचे पाहुणे.” आज गुरुवारच होता. एवढ्या वयाला वार लक्षात आहे म्हणजे बाई चांगली आहे अजून.

सोनम आतून आली. पोट पुढं, पाय सुजलेले, हात तसेच बारीक. मला वाटलं होतं काहीतरी बोलेन. मी म्हणलं, “धर ती बाजू, परात जड हाय.” मग लक्षात आलं की तिला उचलायला सांगायला नको. तिची सासू मार्थाबाई धावत आली, तिनं धरली. बालवाडीच्या बाई होत्या, अजून तशाच बोलतात, सगळं समजावून.

टेबल बिबल काही नव्हतं. सतरंजी अंथरलेली. आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता आणि शेजारी भाकऱ्यांची चवड. करंज्या, चकल्या, अनारसे ताटात लावलेले. माणसं फार चांगली. आम्हाला त्यांचं जेवण जाणार नाही म्हणून मुद्दाम आमचं करून ठेवलं होतं. मी म्हणलं, “ईनबाई, कशाला एवढा तरास घेतलासा?” त्या सोनमकडं बघून म्हणाल्या, “त्रास कसला, घरातलंच आहे सगळं.”

वरवंट्यानं कणीक फोडली. पानं काढली. वाफ आली आणि सगळे पुढं वाकले. पक्षी तांबूस नव्हता, पण ओलसर, मऊ, टाके अगदी सरळ रेषेत. दाविदचे वडील सुरी घेऊन उभे राहिले. कुठून कापावं ते त्यांना सुचेना, ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मला मान द्यायला थांबले असणार. मी म्हणलं, तुमचा सण, तुमीच कापा. ते म्हणाले, “नको, तुम्हीच कापा, तुमचा हात बसलेला असेल.” शेवटी मीच दोऱ्याचं टोक धरून ओढलं आणि पोट उघडलं.

आजीनं मान वाकवून बघितलं. “मार्था, हा मोर आहे का गं?”

मार्थाबाई म्हणाल्या, “आई, टर्की आहे. आपण नाताळात करतो ती.”

“आपण कधी केली?”

“तुम्ही विसरता हल्ली.”

वाईट वाटलं. वार आठवतो आणि सणाचं जेवण आठवत नाही. म्हातारपण असंच असतं. मी आजींना मऊ बघून दोन घास जास्त वाढले.

सगळ्यांनी भरपूर खाल्लं. दाविदच्या वडलांनी तीनदा घेतलं आणि हाडं चोखताना प्रत्येक वेळी नव्यानं खाल्ल्यासारखं डोकं हलवलं. सोनमनं मांस घेतलंच नाही. पोटातलं सारण घेतलं, भाकरीशी. पहिल्या घासाला थांबली. मग खाली मान घालून बोटांनी ताट पुसून खाल्लं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मी म्हणलं, तिखट झालं का. म्हणाली, “लई तिखट हाय आई. अजून वाढ.”

एवढं कमी टाकून. सासरी तिखट खायची सवय मोडली असणार पोरीची.

जेवण झाल्यावर आम्ही दोघीच आत. मी वाक्य बांधून आणलं होतं. ‘बाळंतपणाला घरी ये.’ पाच शब्दसुद्धा नाहीत. रिक्षात सगळ्या वाटेनं मनात म्हणत आले होते. ती भांडी गोळा करत होती आणि वळली की पोट ओट्याला लागत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणलं, “परात चिंचेनं घास. पितळ हाय.”

ती म्हणाली, “व्हय.”

आणि मी बाहेर आले, चप्पल घातली, ह्यांना म्हणलं चला.

रिक्षा अर्ध्या वाटेत आल्यावर कळलं की परात तिथंच राहिली. वीस वर्षांच्या खानावळीत माझा एक चमचा कुणाकडं राहिलेला नाही. हे म्हणाले, “माघारी वळवू का?” मी म्हणलं, “नगं.”

सोमवार, २९ डिसेंबर

साखर २१६.

परातीवाचून खोळंबा. एवढ्या भाकऱ्यांचं पीठ लहान परातीत तीनदा मळावं लागतं. नागव्वा तीन दिवस बडबडतीय.

“जाऊन आन की. रिक्षाच्या अंतरावर तर हाय.”

“मी कशी आणू? भरलेलं भांडं दिलं, ते भरून परत पाठवायचं असतंय. मी मागायला गेले तर त्यांचा अपमान.”

“त्यांच्यात असती का ती रीत?”

ह्याचा मी विचार केला नव्हता. नसली तर? त्यांना वाटेल, बाईनं परात बक्षीस दिली. दिवाणखान्यात टांगून ठेवतील. आणि सोनम का सांगेल त्यांना? मी तिला काय सांगितलंय की तिनं सांगावं. घास म्हणलं फक्त.

हे म्हणाले, “गुरुवारी तिकडूनच जातोय. आनू का?”

“तुमचा दवाखाना तिकडं कुटं आला?”

त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि बाहेर गेले.

गुरुवार, ८ जानेवारी

साखर २०९.

कुणी आलं नाही. आठवा लागला असेल. हे बीपीला गेले, आले. फक्त म्हणाले की मधल्या खोलीचा पंखा आवाज करतोय, दुरुस्त करायला पाहिजे. थंडीत पंखा. मी म्हणलं, करा काय करायचं ते. पंखा केला आणि खोलीला चुनापण मारला. रिकामा बसवत नाही ह्या माणसाला.

रात्री झोप नाही. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, मन कसं आहे. तर लिहिते. मी वाईट बोलले होते. राग होता म्हणून बोलले असं नाही, मला वाटलं होतं ती मुळूमुळू रडत आठ दिवसांत परत येईल. ती रडणारी नाही हे मला माहीत असायला पाहिजे होतं, मीच वाढवली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेला सगळं सोलापूर लोटलंय, खानावळ ओस. तीळ-गूळ केला, चाखला नाही. साखर १९५. दिवसभर दाराकडं तोंड करून भाकऱ्या थापल्या, नागव्वाला बाजूला बसवून. ती म्हणाली, “माझी जागा का घेतली?” मी म्हणलं, वारा लागतो हितं.

गुरुवार, १५ जानेवारी

आज कर. सणाचा दुसरा दिवस, आमच्यात मटण करतात. मी सकाळीच पातेलं चढवलं होतं.

दहाच्या सुमाराला रिक्षा थांबली. आधी मार्थाबाई उतरल्या, मग दाविद, मग सोनम. दाविदच्या हातात परात होती, पांढऱ्या फडक्यानं झाकलेली. सोनमनं ती त्याच्या हातातून घेतली. तो नको म्हणत होता, तिनं घेतलीच. घरापर्यंत चालत आली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

आत येईना. परात दोन्ही हातांत धरून, पोटावर टेकवून, उभी. माझ्याकडं बघत नव्हती, उंबऱ्याकडं बघत होती. मार्थाबाई मागं थांबल्या. बालवाडीच्या बाई असून गप्प राहिल्या, ह्याचं मला नवल वाटलं. हे खुर्चीतून उठले आणि तसेच अर्धवट उभे राहिले.

मला दोन वर्षांत रोज एक वाक्य सुचलं होतं. त्यातलं एकही आलं नाही.

मी म्हणलं, “दारात का उभी ऱ्हायलीस? जड हाय न्हवं ती?”

“व्हय. जड हाय.”

“मग आत ये की.”

“येऊ?”

“ये, सोनम. लई उशीर केलास. म्हंजे मी केला.”

तिनं उजवा पाय आत टाकला. मी परात धरली, तिनं सोडली नाही, दोघींनी धरूनच मधल्या खोलीत नेली. चुना मारलेल्या.

फडकं काढलं. परात चिंचेनं घासून लख्ख केलेली, माझं नाव वाचता येत होतं. आत मऊ सुती दुपटी, कुंच्या, लंगोट, सगळं मार्थाबाईंनी आपल्या जुन्या साड्यांचं हातानं शिवलेलं. आणि खाली सोनमचे चार गाऊन.

मार्थाबाई म्हणाल्या, “ईनबाई, भांडं रिकामं कसं पाठवणार? त्या दिवशीच आणायची होती, पण हे शिवून व्हायला वेळ लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. तुम्ही न्यायला कधी येता म्हणून आम्ही वाट बघत होतो, तर तुम्ही परात ठेवून गेलात. आम्ही समजलो.”

“तुमच्यातबी हीच रीत असती?”

“हीच. आमच्यात दुसरी कुठून येणार?”

मला एवढं माहीत असतं तर सातवा लागल्याचं कळलं त्याच दिवशी न्यायला गेले असते.

जेवायला बसलो. मटण, भाकरी, रस्सा. त्यांनी अगदी घरच्यासारखं खाल्लं, दाविदनं भाकरी कुस्करली ती आमच्या माणसांसारखी. मला जरा अवघडल्यासारखं झालं, म्हणून म्हणलं, “आज तुमच्या आवडीचं काय केलं न्हाई. पुढच्या नाताळाला मात्र टर्की माझ्याकडनंच. आता हात बसलाय.”

दाविदला घास लागला. मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला. सोनम ह्यांच्याकडं बघायला लागली, हे ताटाकडं बघायला लागले, आणि मग ती चौघं अशी हसली की नागव्वा पिठाच्या हातानं आत बघायला आली. काय झालं म्हणून विचारलं तर कुणी सांगेना. सोनम डोळे पुसत म्हणाली, “व्हय आई, दर साली कर. तुझ्यावाचून आमचा नाताळच न्हाई हुणार.”

सोनम आता मधल्या खोलीत झोपलीय. ह्यांनी दुपारी कैरीच्या लोणच्याची बरणी नेऊन तिच्या उशाशी ठेवली. मी म्हणलं, कंपाउंडरला काय देणार मग. म्हणाले, “त्याची बदली झाली.”

बिभीषणला फोन करून सांगितलं, पुढच्या डिसेंबरला दोन पक्षी लागतील, आतापासूनच वाढव. आणि शिवराजला आजच बजावलं, की कातडीला हात लावायचा नाही.

साखर तपासायची राहिली.